नॉटिलसची तीन कामं

एका राज्यात समुद्रात पाय सोडून बसलेला एक महाल होता. महालाला सात खोल्या. सहांत मेलेले राजे राहायचे. म्हणजे राहायचे नाहीत, पण रीत तशी. राजा मेला की त्याची खोली जशीच्या तशी ठेवायची, रोज गादी झटकायची, सकाळी दात घासायला राखुंडीसुद्धा. सातवीत जिवंत राजा धुंडसेन, त्याची मुलगी पोवळी आणि बाकी सगळे दाटीवाटीने.

एकदा एक मांत्रिक मुक्कामाला आला. जागा नाही म्हणून त्याला घोड्यांत झोपवलं. जाताना त्याने शाप दिला, "मेलेल्यांच्या वजनाने बुडाल." महाल रोज वीतभर खाली जायला लागला. सहा खोल्यांत पाणी शिरलं. सातवीचा उंबरा तेवढा कोरडा राहिला.

पोवळीने टिटवीला उपाय विचारला.

टिटवी म्हणाली, "खोल पाण्यातल्या त्या शंखवाल्या नॉटिलसला विचार. त्याचं घराणं डायनासोर यायच्या आधीपासून तरंगतंय."

हाक मारल्यावर नॉटिलस वर आला. शंखातून नव्वद बारीक हात बाहेर आलेले, डोळ्यात भिंग नाही, नुसतं भोक.

"आपण बुडत कसे नाही?" पोवळीने विचारलं.

"मोठा झालो की पुढे नवी खोली बांधतो. मागची बंद करतो, तिच्यातलं पाणी काढतो. राहतो फक्त शेवटच्या खोलीत."

"आणि मागच्या खोल्यांत काय ठेवता?"

"हवा."

त्याने तीन कामं सांगितली. पहिलं, सहाही खोल्या रिकाम्या करा. केल्या. गाद्या भिजलेल्या होत्या, आठ माणसं लागली. दुसरं, दारांत भिंती घाला, पण प्रत्येकीत एक बारीक नळी ठेवा, माझ्यात असते तशी. पाच भिंती झाल्या. सहावी खोली राजाच्या वडलांची. धुंडसेन दारात बसला.

"आत आबासाहेब आहेत."

"गुडघाभर पाण्यात?" पोवळी म्हणाली. "त्यांना सर्दी झालेली चालेल तुम्हाला?"

राजा दारातून उठला. मग स्वतः विटा लावल्या. शेवटची वीट तीनदा बसवली, दोनदा काढली.

तिसरं काम, नळ्यांतून पाणी ओढायचं, तेही राजाने, तोंडाने. ओढलं. खारट होतं. सहा दिवस लागले. सहावी खोली कोरडी झाली तसा महाल हलला, वर आला आणि तरंगायला लागला. शाप सुटला. पुढच्या बाजूला आठव्या खोलीचा पाया घातला.

"बाबासाहेब, तुमचीही खोली एक दिवस मीच बंद करणार," पोवळी म्हणाली.

राजाने तोंड पुसलं.

"कर. नळी तेवढी ठेव."