गोजरीचं बोलकं खोकं

आमराया संपून समुद्र सुरू होतो, तिथल्या चिंचोळ्या पट्टीत एक गाव होतं. गावात गोजरी नावाची इवलीशी पोर होती. तिला बाबा नव्हते. आई आंब्याची खोकी ठोकायची आणि गोजरी ती तपासायची. खोकं उलटं घालायचं, वर बसायचं आणि बोटांनी फळ्या वाजवायच्या. खिळा ढिला असला की फळी कुरकुरायची, घट्ट बसला की छान घुमायची. वाजवता वाजवता गोजरीच्या बोटांना ताल कधी लागला, हे तिचं तिलाही कळलं नाही.

खोकी मात्र तिची नव्हती. संध्याकाळी बागवाल्यांची गाडी यायची आणि सगळी उचलून न्यायची.

बागवाल्यांची मुलगी रत्नमाला सतार वाजवायची. तिनं मुलांचं एक मंडळ काढलं होतं. श्रीरंगची बासरी होती आणि छोट्या कुशीची एकतारी. सूर गोड होते हो तिघांचे! पण धरून ठेवणारं कुणी नव्हतं. बासरी पुढे धावायची, सतार मागे रेंगाळायची आणि मध्ये सापडलेली कुशी चुकून चुकून रडायची. मंडळ बागेत सतरंजी घालून बसायचं आणि गोजरी कुंपणाबाहेर उभी राहून ऐकायची. एकदा तिनं धीर करून विचारलं, "ताई, मी खोक्यावर ठेका धरू का?"

"खोक्यावर?" रत्नमाला हसली. "अगं, खोक्यात आंबे भरतात. ते काय वाद्य आहे?"

गोजरी घरी आली. तिला दुसरं काही नको होतं. त्या मंडळात, त्या सतरंजीवर, तिला बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीतून राहिलेली खोकी आमराईत पोचवायला गेली, तर एका खोक्यातल्या पेंढ्यात काहीतरी लुकलुकलं. वाकून पाहते तर काय! करंगळीएवढी परी, कैरीच्या रंगाचा झगा, मोहराच्या रंगाचे केस. तिचा झिरझिरीत पंख वाकड्या खिळ्यात अडकला होता.

"हलू नका हं, परीताई," गोजरी म्हणाली आणि तिनं दातांनी, हो, चक्क दातांनी, खिळा उपसून काढला. ओठातून रक्त आलं, पण पंखाला ओरखडासुद्धा नाही.

परीनं पंख झटकले. सोनेरी धूळ उडाली. "माग, बाळ, एक इच्छा माग."

"मला मंडळात बसू द्या."

परीचा चेहरा उतरला. "माणसांची मनं वळवणं आम्हाला येत नाही गं. वस्तूचं काहीतरी माग."

गोजरीनं विचार केला. खोकं सुंदर वाजलं, तर मला घेतीलच की! "मग हे खोकं वाद्यासारखं वाजू दे."

"दिलं. पण नियम ऐक. ते कुणाच्याही हाताखाली वाजेल. आणि गावच्या आंबेजत्रेत मंडळाचं गाणं होईपर्यंत तू 'हे माझं आहे' असं म्हणायचं नाहीस. म्हणालीस, की ते मुकं होईल."

गोजरी खुदकन हसली. "एवढंच? आमच्या घरात माझं असं काही नसतंच!"

बिचारी! असं हसू नये कधी.

खिळा निघालेलं ते खोकं आंब्यांना चालेना, म्हणून गोजरीजवळच राहिलं. आणि असं वाजू लागलं म्हणता! तळहात मध्ये पडला की दूरचा ढग गडगडल्यासारखं, बोटं कडेला पडली की लाह्या फुटल्यासारखं. रत्नमालानं स्वतः बोलावणं पाठवलं. गोजरी सतरंजीच्या कोपऱ्यात खोक्यावर बसली, ठेका धरला, आणि बासरी थांबून सतारीची वाट पाहू लागली. कुशी एकदासुद्धा चुकली नाही. तिचे डोळे काजव्यांसारखे चमकले. त्या दिवशी गोजरी घरी चालत आली नाही, उड्या मारत आली.

पण गावात बोलबाला झाला तो खोक्याचा. "काय ते खोकं!" जो तो म्हणायचा. मग रत्नमालाचा मावसभाऊ विश्वजित सुट्टीला आला. त्यानं खोक्यावर हात मारून पाहिला. वाजलं!

"गोजरी, तू गुणाची आहेस," रत्नमाला गोड आवाजात म्हणाली. "याला जरा ठेका शिकव ना."

गोजरी खरंच गुणाची होती, हेच तर तिचं नशीब. तिनं त्याला मन लावून शिकवलं. चुकला तर रागावली नाही, जमलं तर टाळ्या पिटल्या. आणि जत्रेच्या सकाळी तिनं धुतलेलं परकर-पोलकं घातलं, केसांत अबोली माळली आणि बागेतल्या मांडवाशी आली, तर खोक्यावर विश्वजित बसलेला! त्याच्या अंगात जरीचा अंगरखा होता.

"अगं, इतकी माणसं येणार," रत्नमाला म्हणाली. "मंडळाला शोभायला नको का? तू बाहेरून ऐक हं. तिथून छान ऐकू येतं."

गरज सरो, वैद्य मरो. मोठी माणसं हे शिकतात तेव्हा वाईट वाटतं, लहान मुलं शिकतात तेव्हा जास्त वाईट वाटतं.

गोजरी कुंपणाबाहेर उभी राहिली. गाणं सुरू झालं. तिचाच ठेका होता, प्रत्येक मात्रा तिची. तिच्या जिभेवर तीन शब्द येऊन बसले, गरम आणि टोचरे. हे माझं आहे! एवढं म्हटलं की झालं असतं. भर मांडवात खोकं मुकं, विश्वजितची फजिती, रत्नमालाचं नाक खाली. तिनं तोंड उघडलंही.

तेवढ्यात तिला कुशी दिसली. कुशी डोळे मिटून एकतारी छेडत होती आणि हसत होती. ठेका थांबला असता तर सगळ्यांत आधी तीच रडली असती.

गोजरीनं तोंड मिटलं. तिला फार राग आला होता, तरी मिटलं.

मंडळाला मानाचा केशरी शेला मिळाला. टाळ्यांच्या कडकडाटात गोजरी कुंपणाला पाठ लावून खाली बसली आणि रडली. तिच्या गुडघ्यावर परी अलगद उतरली.

"तू म्हणाली नाहीस."

"मला तिथं बसायचं होतं, परीताई."

"माहीत आहे गं." परीचाही आवाज भरून आला. "ते मला देता येत नाही. पण खोक्यातला नाद आता काढून घेते आणि तुझ्या हातांत ठेवते. ज्या लाकडाला हात लावशील, ते बोलेल. खोकी गाडीत घालून नेतात, हात कोण नेईल?"

तिनं गोजरीच्या तळहातांवर फुंकर घातली. तळवे गुलाबी झाले, मग केशरी, मग सोनेरी.

आत लोक ओरडत होते, "आणखी एक! आणखी एक!" विश्वजितनं हात मारला. खड्! नुसती आंब्याची फळी. रत्नमाला धावत कुंपणाशी आली. गोजरीशेजारी आंब्यांची रिकामी खोकी पडली होती.

"गोजरी, लवकर! दुसरं खोकं दे!"

गोजरी उठून उभी राहिली. "तू ये" एवढे दोनच शब्द हवे होते. ती वाट पाहत राहिली. रत्नमालानं कुंपणावरून हात घालून एक खोकं उचललं, वाजवून पाहिलं, टाकलं, दुसरं उचललं आणि तेच घेऊन पळाली. तेही मुकंच होतं. हळूहळू लोक पांगले.

गोजरी एका उलट्या खोक्यावर बसली. आता कुणासाठी वाजवायचं, तिला कळेना. तरी सवयीनं बोटं फळीवर आपटली, आणि फळी अशी घुमली, की आंब्याच्या शेंड्यावरचे पोपट गप्प झाले.

कुंपणाच्या फटीतून एकतारीचा भोपळा आला, मग त्याच्यामागून कुशी आली. फ्रॉक फाटला होता. शेजारचं खोकं उलटं करून बसली आणि तिनं तार छेडली.

परी थोडा वेळ ऐकत राहिली. मग ती पिवळी झाली, पांढरी झाली आणि दोघींच्या डोक्यांवर लख्ख उजेड सांडून विरून गेली.

बागवाल्यांची गाडी खोकी न्यायला आली, तेव्हा गोजरी उठली नाही. "हे राहू द्या," ती म्हणाली. "हे माझं आहे."