चार मिनिटं बारा सेकंद

“आणि मग ते यायचं कधी म्हणतोस?” उस्ताद बाबालालनी विचारलं. विचारताना हातातली कानस काही थांबली नाही.

“दिवाळीच्या आत, उस्ताद. निदान तशी कुणकुण आहे.”

“कुणाला हाय कुणकुण?”

“सगळ्यांनाच. नेटवर सध्या दुसरा विषयच नाही.”

मिरजेतल्या त्या तंबोऱ्यांच्या दुकानात सुकुमार मगदूम आठ महिन्यांनी पाय ठेवत होता, आणि आल्यापासून फोनच्या येऊ घातलेल्या नव्या अपडेटबद्दल बोलत होता. एक गोष्ट बोलायची नसली की माणूस दुसरी किती सविस्तर बोलतो, ते त्या दुपारी ऐकण्यासारखं होतं. बॅटरी दोन दिवस पुरणार होती. पडद्यावरची चित्रं गोल होणार की चौकोनी, यावरून लोक हमरीतुमरीवर आले होते. जुन्या फोनवर ते येणार की नाही, हे अजून कंपनीने सांगितलं नव्हतं, पण सुकुमारला ठाऊक होतं.

उस्ताद ऐकत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

“बरं. आणि तुला काय पायजे त्यात?”

“मला?”

“व्हय. एवढी वाट बघतोयस. बॅटरीपायी न्हाई बघत.”

सुकुमारने खिशातला फोन चाचपला...

सहा वर्षं याच सतरंजीवर बसून तो तंबोरे करायला शिकला होता. मग त्याने फोनवर वाजणारा तंबोरा तयार केला, चार लोकांनी तो वाखाणला, आणि स्वारी हवेत गेली. हुबळीहून तंबोरा न्यायला आलेल्या एका गाणाऱ्या बाईंसमोर तो उस्तादांना म्हणाला होता, “हे भोपळे आता चुलीत घाला.”

उस्ताद तेव्हा एक अक्षर बोलले नव्हते. सुकुमार पुण्याला निघून गेला.

आठव्या दिवशी फोनवर उस्तादांचा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटं बारा सेकंद.

दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलणारा माणूस चार मिनिटं काय बोलला असेल? शिव्या? शाप? पुन्हा माझा उंबरा चढू नकोस? सुकुमारने तो मेसेज उघडलाच नाही. रोज बघायचा, रोज फोन खिशात टाकायचा. ज्या माणसाने आपल्याला हातात कानस धरायला शिकवलं, त्याने आपल्याला टाकलं की काय, एवढं एकच त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि तेवढंच ऐकायची त्याची छाती होत नव्हती.

“उस्ताद,” तो अखेर म्हणाला, “नव्या अपडेटमध्ये असं येणार होतं म्हणे... की व्हॉइस मेसेज ऐकायलाच नको. फोनच ऐकणार, आणि आपल्याला दोन ओळींत मतलब लिहून देणार.”

“सोय चांगली हाय.”

“काल बातमी आली, ते यंदा नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणतात.”

“म्हणून आलास.”

“...हो.”

“मेसेज कुणाचा हाय?”

“तुमचा.”

कानस थांबली.

उस्तादांच्या कपाळाला एक आठी पडली. त्यांनी भिंतीला टेकवलेला एक नवा तंबोरा उचलला आणि सुकुमारच्या मांडीवर ठेवला. मग सुती दोऱ्याचं वीतभर टोक तोडून त्याच्या हातात दिलं.

“जवारी लाव.”

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा घालायचा आणि तो पुढेमागे सरकवत राहायचा. केसाएवढ्या एका जागी तारेचा आवाज मोकळा होतो. अलीकडे-पलीकडे झाला, की तार मुकी. आठ महिन्यांत सुकुमारने याला हात लावला नव्हता. त्याने डोळे मिटले, तार छेडली, दोरा सरकवला... पुन्हा छेडली. पुन्हा सरकवला.

आणि आवाज उमलला. दुकानभर झाला.

सुकुमारचा हात आपसूक थांबला.

“हितंच का थांबलास?” उस्तादांनी विचारलं.

“ऐकू आलं म्हणून.”

“हं.” उस्तादांनी तंबोरा परत घेतला. “मग माझं ऐकायला दुसऱ्याचा कान कशाला मागतोस?”

सुकुमारने फोन काढला. अंगठा पडद्यावर नेला, मागे घेतला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. शेवटी जे होईल ते होवो म्हणून त्याने अंगठा टेकवला.

खर्रर्... खर्रर्... कानशीचा आवाज. खोकला. पुन्हा कानस. एक मिनिट नुसतं तेवढंच. आणि मग उस्तादांचा आवाज कडाडला.

“हरामखोरा! लाज न्हाई वाटत? ज्या घरात खाल्लंस त्याच घरात—”

सुकुमारने मान खाली घातली. आलं ते आलं. निदान आता कळलं तरी.

“—उतर! उतर आधी त्या भोपळ्यावरनं! परत दिसलास तर शेपूट धरून बाहेर टाकीन!”

फोनमधून मांजराचं नाराज म्याव ऐकू आलं.

सुकुमारने वर पाहिलं. उस्ताद फोनकडे बघत होते, तोंड उघडं.

“हे मी धाडलं व्हय?” ते म्हणाले. “मला मिस्ड कॉल धड देता येत न्हाई लेका! मांडीखाली दाबलं गेलं असंल.”

सुकुमारला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. आठ महिने जो शाप उशाशी घेऊन तो निजला, तो एका मांजरासाठी निघाला होता. कसं मोकळं मोकळं वाटलं त्याला. उस्तादही हसत होते, खोकत होते, चष्मा पुसत होते.

मेसेज मात्र चालूच होता. आता त्यात चाचीचा, उस्तादांच्या बायकोचा आवाज आला.

“ही खुंटीवरची कानस भंगारात देते. नुसता गंज चढंल तिला.”

“ठेव तिथं. सुकुमारची हाय ती.”

“तो येतोय व्हय आता!”

“...मग तेल लावून ठेव.”

दुकानातलं हसणं थांबलं.

सुकुमारने भिंतीकडे पाहिलं. तिसऱ्या खुंटीवर त्याची कानस लटकत होती. आल्यापासून त्याची पाठ तिकडेच होती. कानशीवर तेलाचा ताजा हात होता. तो उठला, ती काढून घेऊन परत आपल्या जुन्या जागी येऊन बसला. काहीतरी बोलायला हवं होतं. “उस्ताद, मी त्या दिवशी...” एवढंच जमलं.

फोनमधली माणसं आता काही बोलत नव्हती. पुन्हा नुसती खर्रर्... खर्रर्... सुरू होती. अजून सव्वा मिनिट शिल्लक दिसत होतं. सुकुमारने डोळे पुसले आणि मेसेज बंद करायला हात पुढे केला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. दोन ओळींत मावणारं होऊन गेलं... आता ऐक.”