आठवा ढीग

फार पूर्वी सात गावांच्या मधोमध एक मोठा माळ होता. पीक म्हणाल तर त्यावर नुसती कुसळं. पण वर्षातून एकदा तिथं ढोलांचा मेळा भरायचा, साती गावांची पथकं वाजायची, आणि पुढं वर्षभर लोक त्याच्याच गोष्टी सांगायचे.

माळ राजाच्या मालकीचा होता. राजानं तो मेळ्याला दिला होता, पण एका अटीवर. मेळ्याच्या पहिल्या दिवशी साती गावांनी एकामागून एक सलामी द्यायची, प्रत्येकी एकवीस ठोके. पहिला ठोका पडला की राजाचा कारभारी पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडायचा. वाटीच्या तळाला सुईएवढं भोक. त्यातून पाणी आत यायचं आणि वाटी हळूहळू खाली जायची. ती बुडायच्या आत सात सलाम्या पुऱ्या झाल्या, तर माळ पुढच्या वर्षापर्यंत मेळ्याचा. एक जरी अपुरी राहिली, तर माळ परत राजाकडे, घोड्यांना चरायला. वाटी कधी अर्ध्यापुढं भरलीच नव्हती, त्यामुळे लोकांना या अटीची गंमत वाटायची.

मेळ्याचा कारभार पंचांकडे असे, गावागणिक एक पंच आणि सगळ्यांवर एक नाईक. दुकानदारांकडून आणि बघायला आलेल्यांकडून जे धान्य जमायचं, त्याचे नाईक आठ ढीग करायचा. सात गावांना सात, अगदी सारखे. आठवा ढीग कुणाचाच नसे. त्यातून नवं चामडं यायचं, दोरी यायची, आणि माळाच्या कडेच्या चावडीत टांगलेल्या मेळ्याच्या ढोलाला तेल मिळायचं. हा एक जादाचा ढोल होता. ऐन वेळी कुणाचं पान फुटलं, म्हणजे ढोलाचं चामडं फाटलं, तर त्यानं तो घ्यायचा आणि सलामी पुरी करायची.

सात गावांत सगळ्यात मोठी पेठ. तिचे ढोल चाळीस. सगळ्यात लहान टोकाची वाडी. तिचे ढोल पाच, आणि त्यांच्या पुढं एक बाई. नवरा गेला तेव्हा त्याचा ढोल विकायला ती तयार झाली नाही. तिनं तो स्वतःच्या कमरेला बांधला.

एका वर्षी ढीग लावून झाले, तसा पेठेचा म्होरक्या पुढं आला. धिप्पाड गडी, मिशीला पीळ, आवाज ढोलासारखाच.

"नाईकबाबा, लोक कुणाला बघायला येतात? आम्हाला. चाळीस ढोल आमचे, घाम आमचा, आणि ढीग मात्र त्या पाच ढोलांच्या वाडीएवढाच? हा कुठला न्याय?"

"आजवर असंच चालत आलंय," नाईक म्हणाला.

"मग आजवरचं आज संपलं. वाटा वाढवा, नाहीतर पुढच्या वर्षी पेठ येणार नाही. सात सलाम्या कशा पुऱ्या करता ते बघतोच."

नाईक माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. हा माळ त्याच्या आज्यानं राजाकडून मागून आणलेला. आपल्या हातून तो जाईल, हीच त्याला भीती. त्यानं बाकीच्या पंचांकडे पाहिलं. मधली पाच गावं गप्प. वाडीचा वाटा कापला तर त्यातल्या चार पायल्या आपल्याकडेही येतील, असा त्यांचा मनातल्या मनात हिशेब चालला होता. वाडीचा पंच तेवढा उठून उभा राहिला, पण त्याला बोलू कोण देतो?

शेवटी नाईकानं नवा नियम काढला. माळाच्या पलीकडे, ओढा ओलांडला की शिवेचा दगड आहे. सलामीच्या वेळी आपण तिथं उभं राहायचं. ज्या गावाचे जेवढे ठोके तिथवर ऐकू येतील, तेवढ्या गाठी दोरीला मारायच्या. जेवढ्या गाठी, तेवढा वाटा.

"आणि तो आठवा ढीग?" पेठेचा म्होरक्या म्हणाला. "आमच्या कष्टाचं धान्य दुसऱ्याच्या चामड्यावर का घालायचं? ज्याचं फुटेल त्यानं बघावं."

नाईकानं मान हलवली. आठवा ढीग मोडला आणि सातांत मिसळला. अन्याय काही आरडाओरडा करून आला नाही. एक भित्री मान हलली, एवढंच झालं.

पहिल्या वर्षी दगडापाशी पेठेचे एकवीसच्या एकवीस ठोके ऐकू आले, मधल्या गावांचे दहा-बारा, वाडीचे दोन. पेठेनं गाड्या भरून धान्य नेलं. वाडीनं सुपातून नेलं. दुसऱ्या वर्षी वाडीचे दोन ढोल फुटले ते तसेच राहिले, नवीन चामडं आणायला काही नव्हतं. त्या वर्षी वाडीची एकही गाठ पडली नाही. दोन ढोल पोटासाठी विकावे लागले. तिसऱ्या वर्षी वाडीकडे एकच ढोल उरला, त्या बाईचा.

मेळ्याच्या दिवशी सकाळपासून ती ढोलाची दोरी ओढत बसली होती. पान जितकं ताणावं, तितका आवाज लांब जातो. शेजारच्या गावचा एक म्हातारा वादक तिच्याजवळ थांबला.

"बाई, लई ताणू नगंस. पान जुनं हाय."

"ताणलं न्हाई तर दगडापत्तूर जाईल का आवाज?" ती म्हणाली. "यंदा चार गाठी तरी पडाया पायजेत. न्हाईतर पुढच्या साली वाडीकडं ढोलच ऱ्हानार न्हाई."

म्हातारा आपल्या ढोलाकडे वळला. तिनं दोरीचा आणखी एक वेढा आवळला.

ऊन उतरणीला लागलं. नाईक ओढ्यापलीकडे जाऊन दगडाशी उभा राहिला. कारभाऱ्यानं हात वर केला, पेठेचा पहिला ठोका पडला आणि तांब्याची वाटी पाण्यावर तरंगू लागली. पेठ वाजली. मग एकेक करून मधली पाच गावं वाजली. नाईक दोरीला गाठी मारत होता. सहावी सलामी संपली. त्यानं कान दिला. ओढ्यापलीकडून काहीच आलं नाही.

'वाडीचं यंदाही ऐकू येत नाही,' त्याला वाटलं. त्यानं दोरी गुंडाळली, कमरेला खोचली आणि तो सावकाश माळाकडे निघाला. सातवा ढोल वाजतच नाहीये, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. न ऐकण्याची सवय त्यानं स्वतःच लावून घेतली होती.

माळावर पोचला तर हजारो माणसं चिडीचूप उभी. मध्ये ती बाई, कमरेला ढोल, आणि ढोलाचं पान या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलेलं.

"काय झालं?"

"तिसऱ्या ठोक्याला फुटलं, नाईकबाबा. तुमच्या दगडानं फोडलं," बाई म्हणाली.

"वाटी पाऊण भरली आहे," कारभारी म्हणाला. "सातवी सलामी पहिल्या ठोक्यापासून व्हायला हवी. हात वाडीचा पाहिजे, ढोल कुणाचाही चालेल."

नाईकानं वाटीकडे पाहिलं. मग त्याला आठवलं, मेळ्याचा ढोल! तो चावडीकडे धावला. कोपऱ्यात ढोल टांगलेला होता. त्यानं तो खाली घेतला, पानावर हात ठेवला, आणि बोटं आरपार आत गेली. तीन वर्षांत त्याला कुणी तेलाचं बोट लावलं नव्हतं. उंदरांनी चामडं खाऊन टाकलं होतं.

तो रिकाम्या हातानं परत आला. "अरे, कुणीतरी ढोल द्या हिला!"

मधली गावं एकमेकांची तोंडं बघू लागली. "आमचं बी पान फुटलं तर भरून कोन देनार? आठवा ढीग हाय का आता?" मागून कुणीतरी म्हणालं. कुणाचाही हात ढोलाच्या दोरीकडे गेला नाही.

वाटी काठाला येऊ लागली होती. बाई सरळ पेठेच्या म्होरक्यापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, एक ढोल द्या. एकवीस ठोके वाजवते नि परत करते. फुटला तर माझी शेळी तुमची."

म्होरक्याही घाबरला होता, त्याचे डोळे वाटीवरून हलत नव्हते. पण तीन वर्षांची चटक अशी सुटत नसते.

"देतो की. न द्यायला काय झालं? पण नाईकबाबा, ढोल पेठेचा आहे. एकवीस गाठी पेठेच्या नावावर धरायच्या."

आता नाईकानं काय म्हणायला हवं होतं, ते पाळण्यातलं पोरही सांगेल. 'चुलीत गेल्या तुझ्या गाठी, आधी ढोल सोड!' पण भित्र्या माणसाला भांडण मिटवण्याची घाई असते, न्यायाची नसते.

"असं करू," तो म्हणाला. "दहा तुमच्या, अकरा वाडीच्या."

"अकरा वाडीच्या? ढोल आमचा आणि अकरा तिच्या? अकरा आमच्या!"

"बरं, मग मधला एक ठोका कुणाचाच…"

"घ्या, सगळ्या तुम्हीच घ्या!" बाई ओरडली. "एकवीस घ्या, माझी शेळी घ्या! ढोल द्या मला!"

तेव्हा कुठं म्होरक्यानं कमरेची दोरी सोडायला घेतली. मिरवायला म्हणून करकचून बांधलेली ती गाठ त्याला सुटेना. शेवटी त्यानं दातांनी सोडली. बाईनं ढोल घेतला, बांधायलाही थांबली नाही. मांडीवर टेकवला आणि टिपरू उगारलं.

एक. दोन. तीन. गर्दी मोठ्यानं मोजू लागली. पाणी वाटीच्या काठाशी होतं. नऊ. दहा. अकरा. लोक पुढं सरकले, कुणी डोळे मिटले, कुणी देवाला नवस बोललं. पंधरा. सोळा. सतरा.

डुबुक.

केवढासा तो आवाज! पण साती गावांतल्या प्रत्येक माणसानं तो ऐकला.

गर्दीचं मोजणं थांबलं. बाई थांबली नाही. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. सलामी पुरी केली, ढोल उचलून पेठेच्या म्होरक्यापुढं ठेवला आणि ती फाटक्या पानाचा आपला ढोल घेऊन वाडीच्या वाटेला लागली.

"चार ठोके कमी पडले," कारभारी हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं, पण वाटी काही त्याच्या हातात नव्हती. दहा तुमच्या की अकरा आमच्या, या घासाघिशीत चार काय, चौदा ठोके वाजून झाले असते.

माळाला कुंपण पडलं. घोडे आले.

पेठेनं ऐट सोडली नाही. "मेळा आमच्या बाजारात भरवू," म्होरक्या म्हणाला. ठरल्या दिवशी चाळीस ढोल रस्त्यात उभे राहिले, पण बघायला पेठेचेच दुकानदार, तेही गल्ल्यावरून न उठता. बाहेरगावचं चिटपाखरूही आलं नाही. म्होरक्याला तेव्हा कळलं, लोक कधी पेठेसाठी येतच नव्हते. जो तो आपल्या गावचा ढोल ऐकायला यायचा आणि आलोच आहोत तर पेठेचाही ऐकून जायचा. त्या वर्षी पेठेच्या वाट्याला सूपभर धान्यही आलं नाही.

आणि नाईक? त्याच्यावर कुणी खटला भरला नाही, कुणी वाईट बोललं नाही. पण पुढं दर वर्षी मेळ्याच्या दिवशी तो ओढ्यापलीकडे दगडाशी जाऊन उभा राहायचा. कुरणातले घोडे गवत ओरबाडायचे, तेवढंच ऐकू यायचं.

एका वर्षी मात्र वाडीच्या बाजूनं ठोका आला. मग दुसरा. बाईनं हाती राहिलेली ती शेळी विकून ढोलाला नवं पान घातलं होतं आणि आपल्या अंगणात ती सलामी देत होती. आता मध्ये मेळ्याचा गलका नव्हता. नाईकानं मोजलं. एकवीसच्या एकवीस स्पष्ट ऐकू आले. दोरी त्याच्या हातात होती, गाठीही मारता आल्या असत्या, पण वाटायला आता काहीच उरलं नव्हतं. तो दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तात्पर्य विचाराल, तर ते असं: सगळ्यांनी मिळून जमवलेल्यातून जो धाकट्याचा वाटा कापतो, तो थोरल्याच्याही पायाखालची जमीन घालवतो.