साहेब जेवून आले होते

आमच्या कुरणवाडीत बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग चालायचा. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला तालुक्याहून ढमढेरेसाहेब आले. बायकांनी त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी करून आणली होती. दारातच त्या म्हणाल्या, "साहेब, आधी दोन घास खाऊन घ्या."

पाहुण्याच्या रीतीने साहेबांनी हात हलवला. "नो, नो. आय हॅव ईटन."

मग बसल्या बसल्या त्यांनी परीक्षाच मांडली. "सांगा, आय हॅव ईटन कधी म्हणायचं?"

सगळ्यांचा गोंधळ उडाला. एक म्हणाली, "सकाळी न्याहारी केली, पण आता भूक लागलीय. तेव्हा?"

"चूक!"

"काल लग्नात जेवले, ते?"

"साफ चूक!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "जेवण झालंय आणि पोट अजून भरलेलं आहे, तेव्हाच म्हणायचं! एवढंही येत नाही? वर्ग बंद!"

शिकवणाऱ्या लतिकाबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या गोदाक्का उठल्या आणि त्यांनी साहेबांपुढे ताट ठेवलं. "वर्ग बंद तर बंद. पण उपाशी नका जाऊ."

साहेब आधी "नको" म्हणाले, मग "बरं, अर्धीच" म्हणाले, आणि बघता बघता त्यांनी तिसरी भाकरी मोडली.

"साहेब, माझा अजून गोंधळच आहे बघा," गोदाक्का म्हणाल्या. "मघाशी दारात तुम्ही काय म्हणाला होता?"

साहेबांचा घास हातातच राहिला.

"असू दे, असू दे," पिठलं वाढत गोदाक्का म्हणाल्या. "वर्ग तेवढा चालू ठेवा. तुमचंही नाव घालू."