खाकरणारं यंत्र

कराडच्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात माणसाची चाहूल घेऊन दिवे-पंखे आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा बसवायची होती. मृण्मयी शेडबाळे या तरुण इंजिनिअरने ती स्वतः घडवली होती. सभागृहात मुलींसमोर तिने ती चालवूनही दाखवली, पण अध्यक्ष रावसाहेबांचं समाधान होईना.

"कोणती मुलगी कुठे, कुणाबरोबर, काय करते, ते माझ्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. यंत्राला कळतं, मग मला का नको? जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो!"

मुलींचे चेहरे उतरले. मृण्मयीचं हे पहिलंच मोठं काम होतं, तरी ती डगमगली नाही.

"रावसाहेब, न्हाणीघरात असताना बाहेर कुणाची चाहूल लागली तर तुम्ही काय करता?"

"खाकरतो."

"म्हणजे आत कुणीतरी आहे, एवढं बाहेरच्याला कळतं. आत काय चाललंय, ते कुणी विचारतं का?"

सभागृहात हशा पिकला.

"माझं यंत्रही तेवढंच खाकरतं," मृण्मयी म्हणाली. "आत कोण आहे, ते त्यालाही ठाऊक नसतं. मी त्याला तसंच वळण लावलंय."

रावसाहेबांनाही हसू आवरेना. यंत्रणा बसली, आणि बसली ती मृण्मयीने घडवली होती तशीच.