दूरच्या विजा

फार पूर्वी, अरबस्तानात घरं थोडी आणि तंबू जास्त होते तेव्हा, रबाब नावाच्या म्हातारीच्या टोळीने एका कोरड्या नदीच्या पात्रात मुक्काम केला. वाळू मऊ होती, वाऱ्याला आडोसा होता. पण तिची सांडणी शहबा काही केल्या खाली बसेना.

टोळीचा ससाणा तिला म्हणाला, “मी आत्ताच वर फिरून आलो. आपल्या डोक्यावर एकही ढग नाही. निवांत बस.”

“डोक्यावर नसेल,” शहबा म्हणाली. “पण पहाटे दक्षिणेच्या डोंगरांवर विजा चमकत होत्या आणि आता वाऱ्याला ओल्या मातीचा वास येतोय. तिथलं पाणी आज इथे पोचेल.”

एवढं बोलून ती काठ चढू लागली. रबाबने तिच्याकडे पाहिलं, वाऱ्याकडे तोंड करून वास घेतला आणि म्हणाली, “तंबू उचला. सांडणीच्या मागे चला.”

लोक कुरकुरत निघाले. लख्ख ऊन असतानाच पात्रातून गढूळ लोंढा आला आणि मांडलेल्या चुलींचे दगडही घेऊन गेला.

ससाणा वरमला. “माझी नजर तुझ्याहून तीक्ष्ण. मग मला कसं कळलं नाही?”

“माझं पहिलं पिल्लू अशाच उन्हात वाहून गेलं,” शहबा म्हणाली. “तेव्हापासून मी दूरच्या विजा मोजते.”