कुरतडलेल्या शेपट्या

एका नदीच्या डोहाकाठी, करंजाच्या मुळांत बीळ करून एक पाणमांजरी राहत असे. तोंडाची फटकळ, पण पिलांवर जीव टाकणारी. समोरच्या खडकावर एक पाणकावळा बसे. त्याचं पोट मोठं आणि तोंड त्याहून मोठं. भर उन्हाळा होता. नदी आटून एवढासा डोह उरला होता आणि त्यात मासे नुसते खचाखच दिसत होते.

"मावशी, चोच बुडवली की मासा!" पाणकावळा म्हणाला. "औंदा मासळी उदंड झालीय. हाण पोटभर!" पिलं नाचायलाच लागली. पाणमांजरीला मात्र ते पटेना. "मेल्या, मासे वाढले की पाणी घटलं? हे सगळे खाऊन संपवले, तर पुढं अंडी कोण घालणार? तू? माझ्या पिलांनी काय खायचं?"

"मग मोज ना! एकेकाला हाक मारून हजेरी घे!" पाणकावळा खो खो हसला.

पाणमांजरी खवळली. दिवसभर बुड्या मारून तिने मासे धरले, प्रत्येकाच्या शेपटीचं टोक हलकेच कुरतडलं आणि त्यांना परत सोडून दिलं. पिलं रडकुंडीला आली. "आई, तोंडातला घास सोडतेस?" "गप बसा सोन्यांनो, उद्या कळेल."

सकाळी ती पाणकावळ्याला म्हणाली, "धर बघू मासे. पण गिळायच्या आधी शेपटी दाखव." त्याने एक धरला, शेपटी कुरतडलेली. दुसरा धरला, तोही तसाच. तिसराही! "आता बोल! डोह खरंच भरलेला असता, तर कालचेच मासे पुन्हा पुन्हा सापडले असते का? आहेत ते जवळपास एवढेच."

पाणकावळ्याने तोंडातला मासा सोडला. "मग खायचं काय गं?"

"खेकडे आणि बेडूक. तोंड वाकडं करू नकोस, माझी पिलंही तेच खातील."

बाळांनो, पावसाळ्यात वाचलेल्या माशांनी अंडी घातली. पुढल्या उन्हाळ्यात पाणमांजरीने पुन्हा शेपट्या कुरतडल्या. सकाळी पाणकावळा मासे धरून बघतो तर काय! "मावशी, ही शेपटी सबंध! ही पण सबंध! अगं, तुझा कुरतडलेला मासा शोधूनही मिळेना!"

"दिसतंय मला, औंदा मासे खरंच उदंड झालेत. ओरडू नकोस," असं म्हणत तिने एक गुबगुबीत मासा त्याच्यापुढे टाकला. "वाळलास रे वर्षभरात. खा आता, पण पोटापुरतंच."

तात्पर्य : डोळ्यांपुढे गर्दी दिसली म्हणून भरपूर आहे असं समजू नये. आधी किती आहे याचा अंदाज घ्यावा आणि मगच खावं, म्हणजे पिलांनाही उरतं.